हात लावायचा नाही

सायकलमिस्त्रीच्या बायकोला साधी ट्यूब बदलता येत नाही, हे ऐकून लोक हसायचे. मला विचाराल तर यात हसण्यासारखं काही नाही. ज्या घराच्या तळमजल्यावर सकाळी आठपासून पंक्चरं निघतात, त्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या बाईने ते शिकायचं कधी आणि कशाला? सायकल जरा कुरकुरली की तिने ती दुकानासमोर आणून उभी करायची, मिस्त्रीने नजर वर न करता "आण इकडे" म्हणायचं, आणि चहा उकळेपर्यंत सायकल तयार. बावीस वर्षांच्या संसारात हे "आण इकडे" तिने इतक्यांदा ऐकलं होतं की बरणीचं घट्ट झाकणसुद्धा ती स्वतः उघडून बघेनाशी झाली होती.

एरवी बाई कुणाला ऐकणारी नव्हती. एका लहानशा इस्पितळात ती एक्स-रे काढायची. पेशंट एक्स-रेला फोटो म्हणतात, म्हणून सगळे तिला फोटोबाई म्हणत. दिवसाला चाळीस-पन्नास माणसं तिच्या टेबलावर आडवी होत. प्रत्येकाला ती विचारायची, "अंगावर काही राहिलंय का? साखळी, पिन, खिशात किल्ली?" माणूस नाही म्हणाला तरी स्वतः एकदा हात फिरवून बघायची, कारण माणसं खोटं बोलत नसली तरी विसरतात फार. मग पडद्याआड जाऊन, "श्वास घ्या... रोखून धरा... सोडा." शिशाचा जड एप्रन वीस वर्षं अंगावर वागवून तिची पाठ धरली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, पोहा. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ती तलावात उतरली, महिनाभर नाकातोंडात पाणी घेतलं आणि मग अशी काही पोहू लागली की तलावाचा रखवालदार शिटी मारून तिला बाहेर काढायचा.

त्याच तलावाच्या भिंतीवर एक कागद लागला होता. समुद्रात दीड किलोमीटर पोहायचं, मग चाळीस किलोमीटर सायकल, मग दहा किलोमीटर पळायचं. एकापाठोपाठ एक, मध्ये बसायचं नाही. याला ट्रायथलॉन म्हणतात. असली दगदग माणसं पदरचे पैसे भरून का करतात, हे मला आजवर कळलेलं नाही. पण फोटोबाईला तो कागद वाचल्यावर झोप लागेना, आणि आठ महिने घाम गाळून ती गेल्या वर्षी त्या स्पर्धेत उतरली.

गेल्या वर्षी काय झालं, ते सांगायलाच हवं. पोहणं झालं, सायकलचे तीस किलोमीटर झाले, आणि दीपगृहाच्या वळणावर तिची चेन पडली. मिस्त्री तिथेच उभा होता. तिचा पाय जमिनीला लागायच्या आत हा धावला, गुडघ्यावर बसला, बोटाने चेन उचलून दात्यांवर बसवली आणि म्हणाला, "पळ." तीही पळाली. पण मागून मोटरसायकलवर पंचबाई येत होत्या आणि त्यांनी सगळं पाहिलं होतं. स्पर्धकाने स्वतःची सायकल स्वतः दुरुस्त करायची, बाहेरच्याचा हात लागला की बाद, असा त्या स्पर्धेचा नियम. पुढच्या थांब्यावर तिच्या घोट्याचा वेळ मोजणारा पट्टा काढून घेतला. यादीत सगळ्यांच्या पुढे तास-मिनिटं होती, तिच्या पुढे एकच शब्द होता, 'बाद'.

आणि मिस्त्री काय म्हणाला? "एवढं काय त्यात? दोन सेकंदांचं तर काम होतं."

त्या वाक्यावर फोटोबाईने आठ दिवस त्याच्याशी अबोला धरला. लेक कॉलेजात शिकत होती, ती मधल्यामध्ये भरडली. "आईला सांग, भाजीत मीठ नाही," "बाबांना सांग, डबा समोरच आहे," असले निरोप तिला पोचवावे लागले. शेवटी अबोला सुटला, पण मिस्त्री काही चुकलं म्हणाला नाही. त्याच्या मते नियमच खुळा होता. बायको अडली आहे आणि नवरा बघत उभा आहे, यात कसला खेळ, असं तो गिऱ्हाइकांनाही सांगायचा. तिला मात्र दुःख वेगळंच होतं. आठ महिन्यांत तिने जे काही कमावलं होतं, ते त्या माणसाने दोन बोटांत धरून फेकून दिलं होतं, आणि त्याला ते कळतसुद्धा नव्हतं.

या वर्षी तिने ठरवलं की यादीत आपल्या नावापुढे वेळ लागलीच पाहिजे. शेवटून पहिली आले तरी चालेल.

"मला ट्यूब बदलायला शिकवा," ती मिस्त्रीला म्हणाली.

त्याने शिकवायला घेतलंही. चाक तिच्या हातात दिलं. तिने टायरच्या कडेखाली टायर उचकटायची पट्टी घातली, ती निसटली. "तशी नाही. आण इकडे," तो म्हणाला, आणि अर्ध्या मिनिटात टायर उतरवून, ट्यूब बदलून, हवा भरून मोकळा झाला. "बघितलंस? सोपं असतं." असं चारदा झालं. पाचव्यांदा तिने विचारलंच नाही.

मग ती कुठे शिकली? इस्पितळात. एक्स-रेच्या खोलीबाहेर एक चाकांची खुर्ची होती, तिला हवेची चाकं होती. दुपारी पेशंट ओसरले की फोटोबाई लेकीने मोबाइलवर पाठवलेला व्हिडिओ लावायची आणि त्या खुर्चीचं चाक उतरवून पुन्हा चढवायची. पंधरा दिवसांत ते काम तिला डोळे मिटून जमायला लागलं. खुर्चीचं टायर ढगळ असतं आणि शर्यतीच्या सायकलचं कातडीसारखं चिकटून बसतं, हे तिला कोण सांगणार? ज्याला माहीत होतं त्याला ती सांगत नव्हती.

"आणि तुम्ही यायचं नाही," आदल्या संध्याकाळी तिने बजावलं.

"बरं."

"बरं नको. शब्द द्या."

"दिला," मिस्त्री म्हणाला, आणि नळाखाली हात धुवायला गेला. हात धुताना माणसाचं तोंड दिसत नाही.

सकाळी साडेसहाला शिटी झाली आणि दीडशे माणसं एकदम समुद्रात घुसली. तलावात पोहणं वेगळं आणि हे वेगळं. कुणाचं कोपर, कुणाची टाच, खारट पाण्याचा घोट, आणि खाली काळोख. पन्नास हातांवर कुणाचा तरी पाय तिच्या पोहायच्या चष्म्यावर बसला, डोळ्यांत पाणी गेलं आणि तिची छाती आखडली. श्वास आत जाईना. बचावाची होडी बाजूलाच होती, हात वर केला की उचलून घेतात. हात वर जायलाही लागला होता.

ती पाठीवर उलटली. वर राखाडी आभाळ होतं. रोज पन्नासदा म्हणायचं ते ती स्वतःलाच म्हणाली, श्वास घ्या, सोडा. मधलं रोखून धरणं तिने गाळून टाकलं. दहा-बारा वेळा म्हटल्यावर छाती सैल झाली. मग ती पालथी झाली, वाट दाखवायला पाण्यावर सोडलेल्या पुढच्या नारिंगी फुग्याकडे नजर लावली आणि हात मारू लागली. बाहेर आली तेव्हा अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती आणि मागे जेमतेम वीस माणसं होती.

सायकल साडेनऊच्या आत लावायची होती. नाही तर पळू देत नव्हते. तिच्याकडे वेळ भरपूर होता. रस्ता समुद्राच्या कडेने होता, वीस किलोमीटरचा फेरा दोनदा मारायचा. वारा समोरून होता, पण पाय चांगले चालत होते, आणि पहिल्या फेरीत ती एका तरुणाला मागे टाकून गेली. तो बिचारा केळं खात होता, पण मागे टाकलं ते टाकलंच.

दीपगृहाच्या वळणावर एक बंद टपरी होती. टपरीआडून एक गुलाबी टोपी डोकावत होती. टोपी तिच्या लेकीची होती. डोकं लेकीचं नव्हतं.

"शब्द दिला होता ना?" ती जाता जाता ओरडली.

टोपी घाईघाईने समुद्राकडे वळली. फोटोबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढचे पाच किलोमीटर तिने नुसत्या रागावर मारले, आणि खरं सांगायचं तर ते तिचे सगळ्यात जलद पाच किलोमीटर होते.

दुसऱ्या फेरीत, एकतिसाव्या किलोमीटरला, ते वळण ओलांडून शंभरेक पावलं गेली असेल, तेवढ्यात मागच्या चाकातून फस्स असा आवाज आला आणि सायकल जड होऊन डुलायला लागली. ती उतरली. टायर जमिनीला चपटं झालं होतं. घड्याळात आठ पस्तीस झाले होते.

मिस्त्रीला असला आवाज गर्दीतही ओळखू येतो. तिने सायकल कडेला घेतली तोवर तो धापा टाकत येऊन पोचला होता, टोपी हातात, दोन्ही हात पुढे.

"हात लावायचा नाही!" ती किंचाळली.

तो चार हातांवर जागीच थबकला. तेवढ्यात मागून मोटरसायकल आली. पंचबाई त्याच होत्या, गेल्या वर्षीच्या. त्यांनी त्याला टपरीआडून धावताना पाहिलं होतं आणि गाडी सरळ इकडे आणली होती.

"ओळखलंत का मला?" त्यांनी हेल्मेट काढत विचारलं.

"तुम्हाला विसरेन कसा?" मिस्त्री म्हणाला. "हात नाही लावत मी. बघा, मागे घेतले."

"तोंडही आवरायचं. काय करायचं, कसं करायचं हे सांगितलंत तरी ती मदतच. बाद होतील त्या. धीर द्यायचा असेल तर खुशाल द्या."

"धीर म्हणजे?"

"म्हणजे शाब्बास, जमेल तुला, असं काहीतरी. माणसं म्हणतात तसं."

मिस्त्री विचारात पडला. सायकलच्या शंभर रोगांवर त्याला बोलता आलं असतं, पण हे त्याने कधी केलं नव्हतं. बराच वेळ घसा खाकरून झाल्यावर दुकानाची पाटी वाचावी तसं तो म्हणाला, "जमेल तुला."

फोटोबाईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिने सायकल उलटी केली, चाक आवळून धरणारी खिटी सैल केली, चेन सोडवून मागचं चाक बाहेर काढलं. हात कोपरापर्यंत काळे झाले. इथवर सगळं खुर्चीसारखं होतं. मग तिने टायरच्या कडेखाली पट्टी घातली आणि जोर लावला. पट्टी सटकन निसटली आणि तिच्या बोटांची सालं निघाली.

"आई गं!" मिस्त्री कळवळला. लगेच पंचबाईंकडे वळून म्हणाला, "हे चालतं ना?"

"चालतं."

तिसऱ्या खेपेला पट्टी बसली. एका जागी कड वर आली, मग दुसऱ्या, आणि टायर अख्खं निघून तिच्या मांडीवर पडलं. फाटकी ट्यूब तिने बाजूला टाकली आणि सीटखालच्या पिशवीतून नवी काढली. एकच होती. ती गेली की खेळ खलास.

तिने नवी ट्यूब उलगडली, तेव्हा मिस्त्रीने एकाएकी पाठ फिरवली आणि तो समुद्राकडे तोंड करून उभा राहिला.

"काय झालं?" पंचबाईंनी विचारलं.

"काही नाही. बघवत नाही मला," तो म्हणाला.

ती ट्यूब टायरमध्ये घालणार, एवढ्यात तिचा हात थांबला. कुणी काही सांगितलं नव्हतं. वीस वर्षांची सवय होती ती. टेबलावर माणूस आडवा झाला की बटण दाबायच्या आधी हात फिरवून बघायचंच, अंगावर काही राहिलंय का. तिने ट्यूब खाली ठेवली आणि टायरच्या आतून बोट फिरवायला सुरुवात केली. अर्ध्यावर बोटाला काहीतरी टोचलं. शिंपल्याचा एक बारीक कपचा टायर भेदून आत आला होता, नखाएवढा. तो तसाच राहिला असता तर नवी ट्यूब पहिल्याच फर्लांगात गेली असती. तिने तो नखांनी ओढून काढला आणि रस्त्यावर टाकला.

मिस्त्रीने खांद्यावरून हळूच मागे पाहिलं आणि मोठा श्वास सोडला.

"एवढ्यासाठी तोंड फिरवलंत होय?" पंचबाई म्हणाल्या.

"माझ्या तोंडावर सगळं दिसतं," तो म्हणाला. "तिला कळलं असतं. मग तुम्ही म्हणाला असता, सांगितलं."

पंचबाईंनी हसू दाबलं. आठ पंचेचाळीस झाले होते.

टायर चढवायला घेतलं. एक बाजू बसली. दुसरीही बसत आली, आणि शेवटची वीतभर राहिली. ती वीत काही केल्या बसेना. तिने अंगठ्यांनी ढकललं, तळव्याने ढकललं, चाक पोटाशी धरून ढकललं. एका टोकाला बसवावं तर दुसरं टोक वर येई. खुर्चीचं टायर इथे कसं लोण्यासारखं आत जायचं! बाजूने सायकली सूं सूं करत जात होत्या, तो केळं खाणारा तरुणसुद्धा गेला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, घामाबरोबर ते मिसळलं आणि तिला समोरचं काही दिसेना.

"नाही हो जमत," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी चाक त्याच्यासमोर धरलं. "घ्या."

तिने ते मुद्दाम केलं नव्हतं. नियम, पट्टा, यादी, यातलं काहीच त्या क्षणी तिच्या डोक्यात नव्हतं. बावीस वर्षं अडलं की जे करत आली होती तेच तिच्या हातांनी केलं. चाक त्याच्या छातीपासून एका वितीवर होतं. त्याला फक्त अंगठा लावायचा होता.

पंचबाईंच्या हातातली वही तशीच राहिली.

मिस्त्रीचे हात वर आले. अर्ध्यावर आले आणि मग त्याने ते काखेत घट्ट दाबून धरले. एक पाऊल मागे गेला, मग आणखी एक.

"नाही," तो म्हणाला.

"अहो, घ्या ना!"

"नाही घेणार." त्याने काखेतले हात आणखी आवळले. "गेल्या वर्षी माझं चुकलं. मला वाटलं मी चेन बसवली. मी तुझं वर्ष घालवलं. मला कळत होतं नंतर, पण तोंडातून निघत नव्हतं. आज तू माझ्या पाया पडलीस तरी मी हात लावणार नाही." मग नाक ओढून त्याने पंचबाईंना विचारलं, "हे... हे चालतं का?"

"चालतं," पंचबाई हळू म्हणाल्या. त्या दुसरीकडे बघत होत्या.

फोटोबाई चाक हातात धरून उभी होती. तिला रडावं की त्याच्या डोक्यात चाक घालावं ते कळेना. वर्षभर जे शब्द ऐकायला कान आसुसले होते, ते या बाबाला आठ पन्नासला, भर रस्त्यात, ती घाईत असताना सुचले! तिला त्याचा भयंकर राग आला आणि तितकीच त्याची माया आली, आणि दोन्ही तिच्या अंगठ्यांत उतरलं. चाक तिने रस्त्यावर आपटून उभं केलं, वर ओणवी झाली आणि सगळं वजन टाकलं. टप् असा आवाज झाला. शेवटची वीत आत गेली.

"शाब्बास!" मिस्त्री एवढ्या जोराने ओरडला की पंचबाई दचकल्या. हा धीर त्याला कुणी शिकवावा लागला नाही.

तिने हवा भरली, चाक जागेवर घातलं, चेन चढवली, खिटी आवळली, सायकल सरळ केली आणि टांग मारली. तेवढ्यात मिस्त्रीचं तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. मग त्याने ते मिटलं.

"काय?" तिने विचारलं.

"काही नाही. जा," तो म्हणाला. "जा, जा."

आठ चोपन्न झाले होते. नऊ किलोमीटर उरले होते. तिच्या नेहमीच्या चालीने वीस-बावीस मिनिटांचं काम. पण सायकल जाईना. पाय मारावेत तर चिखलातून ओढत असल्यासारखं वाटायचं. उतारावरसुद्धा पॅडल मारावं लागत होतं. तिला वाटलं, आपलेच पाय संपले. एवढा वेळ ओणवं बसून मांड्या भरून आल्या असतील, वारा वाढला असेल, वय झालं असेल. समुद्राच्या आवाजात बाकी काही ऐकू येत नव्हतं. एका चढावर ती जवळजवळ थांबलीच होती. मग तिला त्याचे काखेत दाबलेले हात आठवले आणि ती उभी राहून पाय मारू लागली.

सायकल खांबाला लावली तेव्हा घड्याळात नऊ अठ्ठावीस झाले होते. दोन मिनिटं राहिली होती.

पळण्याबद्दल काय सांगायचं? त्याला पळणं म्हणायला धाडस लागतं. पहिल्या किलोमीटरला पाय तिचे नव्हतेच. पाचव्याला ते परत आले आणि दुखायला लागले. आठव्याला ती चालली, आणि चालताना दर खांबाला स्वतःला सांगत होती की पुढच्या खांबापासून पळायचं. काही खांबांना ती खोटं बोलली. पण अकरा वाजायला सात मिनिटं असताना ती शेवटच्या कमानीखालून गेली, आणि कमानीवरच्या फळ्यावर तिच्या नंबरापुढे लाल आकडे उमटले. चार तास तेवीस मिनिटं. दुसरा कुठलाही शब्द नव्हता.

लेक धावत आली आणि तिच्या गळ्यात पडली. "बाबा पाणी आणतो म्हणून घरातून सटकले गं," ती सांगत होती. "माझी टोपीसुद्धा नेली!"

मिस्त्री मागे उभा होता. गळ्यात पडणं त्याला जमण्यातलं नव्हतं. त्याने पाण्याची बाटली पुढे केली, आणि मग स्वतःशीच काहीतरी पुटपुटून झाकण तसंच ठेवून तिच्या हातात दिली. तिनेच ते उघडलं.

सायकल घ्यायला तिघं गेली. फोटोबाईने आपली सायकल खांबावरून काढली आणि ढकलली. सायकल पुढे गेली नाही. तिने पुन्हा ढकलली, तेव्हा मागून स्स्स स्स्स आवाज आला. वाकून बघितलं तर मागचं चाक सांगाड्यात तिरकं बसलं होतं आणि ब्रेकचं रबर एका बाजूने रिमला चिकटलं होतं. रिमवर काळा पट्टा उमटला होता. नऊ किलोमीटर ती ब्रेक दाबून सायकल चालवत होती.

ती सावकाश सरळ झाली. "तुम्हाला दिसलं होतं."

"तू टांग मारलीस तेव्हाच," मिस्त्री म्हणाला.

"आणि बोलला नाहीत?"

"त्या उभ्या होत्या ना. बोललो असतो तर..." त्याने मान हलवली. काखेत दाबून दाबून त्याच्या सदऱ्याला दोन्ही बाजूंना चुण्या पडल्या होत्या. "तिथून गावातल्या रस्त्याने मी रिक्षा करून आलो. आल्यावर घड्याळासमोर बसलो. सव्वानऊ झाले, नऊ वीस झाले, तू येईनास. गेल्या वर्षी मी हात लावून तुला घालवलं. वाटलं, या वर्षी गप्प बसून घालवलं."

दुकानात कुणाच्या बोटावर हातोडी बसली तरी हसणारा माणूस, पण आता मनगटाने डोळे पुसत होता, आणि मनगटाला ग्रीस नव्हतं, कारण आज त्याने कशालाच हात लावला नव्हता.

फोटोबाईने हातातली बाटली लेकीकडे दिली. मग तिने सायकल उलटी केली, खाली बसली आणि त्याला सदऱ्याला धरून शेजारी ओढलं.

"आता पंच नाहीत," ती म्हणाली. "कसं सरळ करायचं ते सांगा. मी करते."

मिस्त्री तिच्याशेजारी उकिडवा बसला. हात त्याने गुडघ्यांमध्ये धरून ठेवले. "आधी खिटी सैल कर," तो म्हणाला. "तेवढी नाही. थोडी आणखी. हां. आता चाक डावीकडे..." ती चुकली, तेव्हा त्याचे खांदे पुढे झुकले, पण हात तिथेच राहिले. "नाही जमलं तर पुन्हा कर," तो म्हणाला. "आपल्याला घाई नाही."